स्कूटर न्या, पण आधी केबिनचं दार मोजून घ्या

प्रश्न : मी ६७ वर्षांची, बँकेतून निवृत्त झालेली. लहानपणच्या पोलिओने डावा पाय अधू आहे. घरात काठी धरून दहा-बारा पावलं टाकते, बाहेर मात्र चार चाकांची, बॅटरीवरची मोबिलिटी स्कूटर. कारेलीबागेतली भाजी, बँक, देऊळ सगळं तिच्यावरच होतं. डिसेंबरात आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतात म्हणून मुला-सुनेने मुंबईहून क्रूझचा बेत आखला आहे. गोवा की लक्षद्वीप हे अजून ठरायचं आहे. मुलगा म्हणतो, ‘स्कूटर घरीच राहू दे आई, जहाजावर व्हीलचेअर मिळते, मी ढकलीन.’ माझी स्कूटर १०४ सेंटिमीटर लांब, ५४ रुंद, बॅटरीसकट ४८ किलोची आहे. आत १२ व्होल्ट, १२ एएच (ॲम्पियर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) असलेल्या दोन सीलबंद लेड-ॲसिड बॅटऱ्या. ती नेता येईल का? बडोद्याहून मुंबईपर्यंत कशी न्यायची? रात्री चार्ज कुठे करायची? हे जमलं तर पुढे सिंगापूरहून क्रूझ करायचीही इच्छा आहे. पण मनात सारखं येतं, माझ्यामुळे सगळ्यांच्या सहलीचा विचका तर होणार नाही ना?
— एक वाचक, कारेलीबाग, बडोदा

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार. स्कूटर जरूर न्या. आकडे मोजून दिलेत हे फार बरं केलंत, कारण या सगळ्या प्रकरणाचा निकाल त्या आकड्यांवरच लागणार आहे.

आधी मुलाच्या सूचनेबद्दल. त्याची माया खरी आहे, पण हिशेब चुकतोय. जहाजावरच्या व्हीलचेअर असतात त्या चढता-उतरताना आणि अडीअडचणीला वापरायच्या. तुम्हाला केबिनमध्ये पोचवलं की खुर्ची परत जाते, पुढच्या प्रवाशासाठी. दोन-तीन दिवस ती तुमच्याकडे राहील असं धरून चालू नका. समजा घरची खुर्ची नेली, तरी मुंबई-गोवा फेऱ्या करणारं कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं ‘एम्प्रेस’ जहाज सुमारे २१० मीटर लांब आहे आणि जहाजांच्या कॉरिडॉरमध्ये गालिचा अंथरलेला असतो. गालिच्यावर माणसासकट खुर्ची ढकलणं फरशीवर ढकलण्यापेक्षा कितीतरी जड जातं. आणि मुख्य गोष्ट वेगळीच आहे. स्कूटर बरोबर असेल तर पहाटे डेकवर जाऊन समुद्र बघायला तुम्हाला कुणाला उठवावं लागणार नाही. खुर्चीवर असाल तर मुलगा जिथे, तिथेच तुम्ही. ओझं होण्याची भीती तुम्हाला वाटते ना, तिच्यावर स्कूटर हाच उपाय आहे.

गोवा की लक्षद्वीप? गोवाच. मुरगाव बंदरात जहाज धक्क्याला लागतं, गँगवे, म्हणजे जहाजातून उतरायचा फळीसारखा पूल, टाकला की थेट जमिनीवर उतरता येतं. लक्षद्वीपच्या बेटांभोवती प्रवाळ आणि उथळ खाजण आहे, मोठं जहाज आत जात नाही. ते बाहेर खोल पाण्यात थांबतं आणि प्रवासी लहान बोटीत उतरून किनाऱ्याला जातात. जहाज आणि बोट दोन्ही लाटांवर वरखाली होत असताना पाऊल नेमकं टाकायचं असतं. ४८ किलोची स्कूटर तिथे उतरवत नाहीत आणि तुमच्या पायाच्या स्थितीत तुम्हीही तो प्रयोग करू नये. पुढेही कुठलीही क्रूझ घेताना प्रत्येक बंदराबद्दल हा एकच प्रश्न आधी विचारा : जहाज धक्क्याला लागणार की नांगर टाकून बोटीने नेणार? बोटीने नेणार असतील तर त्या दिवशी तुम्ही जहाजावरच थांबणार, हे धरूनच पैसे भरा.

आता केबिन. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं, आणि तेही पैसे भरून झाल्यावर.

जहाजाच्या साध्या केबिनचं दार साधारण २२ ते २३ इंच, म्हणजे ५६-५८ सेंटिमीटर रुंद असतं. तुमची स्कूटर ५४ ची. कागदावर ती बसते, प्रत्यक्षात जात नाही. पहिलं कारण, ५४ हे माप बहुधा चाकांच्या बाहेरच्या कडांचं असेल. सीटचे हात त्याहून बाहेर येतात, त्यामुळे टेप घेऊन हातांच्या सर्वांत बाहेरच्या टोकांपासून पुन्हा मोजा. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. कॉरिडॉर असतो मीटर-सव्वा मीटर रुंद आणि दार असतं भिंतीत, काटकोनात. म्हणजे १०४ सेंटिमीटर लांबीची गाडी तेवढ्या जागेत काटकोनात वळवून, दोन्ही बाजूंना सेंटिमीटरभर जागा राखत आत घालायची. चार चाकी स्कूटरला वळायला सव्वा ते दीड मीटरची त्रिज्या लागते. मागे-पुढे कितीही केलंत तरी मागचं चाक चौकटीला घासणार. तीन चाकी स्कूटर कमी जागेत वळते, पण डोलत्या जहाजावर आणि उतारावर तीच आधी कलंडते. तेव्हा या सहलीसाठी तीन चाकी भाड्याने घेण्याचा विचार मनात आला तर तो सोडा. तुमची चार चाकीच बरी.

स्कूटर रात्री बाहेर कॉरिडॉरमध्ये ठेवून चालणार नाही का? नाही. आग लागली, धूर झाला तर त्या अरुंद वाटेने शेकडो माणसं बाहेर पडायची असतात. तिथे काहीही ठेवू देत नाहीत आणि ते योग्यच आहे. म्हणून तुम्हाला हवी दिव्यांगांसाठीची केबिन. तिचं दार ३२ इंच किंवा त्याहून रुंद असतं, आत गाडी वळवायला साधारण पाच फुटांचं वर्तुळ मोकळं असतं, बाथरूमला उंबरठा नसतो, भिंतीला धरायच्या दांड्या आणि बसून अंघोळ करायची सोय असते. साध्या केबिनच्या बाथरूमला चांगला पाच-सहा इंचांचा उंबरठा असतो. जहाज हलत असताना रात्री अर्धवट झोपेत तो ओलांडणं तुमच्यासाठी स्कूटरच्या प्रश्नाहूनही धोक्याचं आहे. एम्प्रेस १९९० साली बांधलेलं जहाज आहे. त्या पिढीच्या जहाजांवर अशा केबिन मोजक्याच असतात आणि डिसेंबरच्या सुट्टीत त्या सर्वांत आधी जातात. तारीख आणि केबिन यांत निवड करायची वेळ आली, तर तारीख बदला. लग्नाचा वाढदिवस जानेवारीत साजरा केला म्हणून काही बिघडत नाही.

अशी केबिन मिळालीच नाही आणि बेत मोडवत नसेल, तर एक मार्ग उरतो. स्कूटर सुटी करून साध्या केबिनमध्ये ठेवायची आणि रोज कॉरिडॉरमध्ये जोडून घ्यायची. दोन रात्रींना हे जमतं, पण मग बाथरूमच्या उंबरठ्यापाशी दर वेळी कुणीतरी हाताशी हवं. आमच्या मते हा मार्ग शेवटचाच.

बुकिंग एजंट ‘हो हो, सगळं होऊन जाईल’ म्हणतात. त्यांच्यावर रागावू नका, पण त्या बोलण्यावर पैसेही भरू नका. कंपनीला ई-मेल करा आणि लेखी उत्तर आल्यावरच आगाऊ रक्कम द्या. मजकूर असा ठेवा : ‘प्रवासी ६७ वर्षांच्या, दहा-बारा पावलं चालू शकतात, जिना चढू शकत नाहीत. सोबत मोबिलिटी स्कूटर, लांबी १०४, रुंदी (हातांसकट) इतकी, वजन ४८ किलो, बॅटरी सीलबंद लेड-ॲसिड, न सांडणारी, १२ व्होल्ट १२ एएच दोन. कृपया कळवा : दिव्यांग केबिनचा क्रमांक काय, दार पूर्ण उघडल्यावर चौकटीच्या आतल्या दोन कडांमधलं अंतर किती, बाथरूमला उंबरठा आहे का, अंघोळीला बसायची खुर्ची मिळेल का, स्कूटर केबिनमध्ये चार्ज करायला परवानगी आहे का, केबिनमध्ये सॉकेट कोणत्या प्रकारचं आणि किती व्होल्टचं, मुंबई आणि मुरगाव इथे गँगवेवर मदत मिळेल का.’ उत्तरात केबिनचा क्रमांक असलाच पाहिजे. क्रमांक नसेल तर केबिन राखून ठेवलेली नाही असंच समजा आणि पुन्हा विचारा. हा ई-मेल आणि उत्तर छापून सोबत न्या. बंदरावरच्या सुरक्षा तपासणीत बॅटरीवरून प्रश्न निघाला, तर तोंडी समजावण्यापेक्षा कागद लवकर काम करतो.

चार्जिंगची गोष्ट सोपी आहे, पण दोन ठिकाणी लोक हमखास अडकतात. तुमच्या चार्जरवर बारीक अक्षरांत ‘इनपुट’ लिहिलेलं असेल ते वाचा. १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असेल तर कुठेही चालेल. फक्त २२०-२४० असेल, तर जहाजावरच्या ११० व्होल्टच्या सॉकेटवर तो चार्ज करणारच नाही, किंवा दिवा लागेल आणि सकाळी बॅटरी तशीच अर्धी मिळेल. अनेक जहाजांवर दोन्ही प्रकार असतात : चपट्या पिनांचं ११० व्होल्टचं अमेरिकन आणि दोन गोल पिनांचं २२० चं युरोपियन. आपली तीन पिनांची जाड प्लग दोन्हींत बसत नाही, साधा ॲडॉप्टर लागतो. तो साधाच घ्या. ‘सर्ज प्रोटेक्टर’ असलेली पट्टी किंवा एक्स्टेन्शन बोर्ड नेऊ नका, बंदरावर तो काढून घेतात. त्याला कारण आहे. जमिनीवर विजेच्या दोन तारांपैकी एक, न्यूट्रल, मातीशी जोडलेली असते. जहाजावर बहुधा दोन्ही तारा जहाजाच्या लोखंडी सांगाड्यापासून अलग ठेवतात. सर्ज प्रोटेक्टरमधला भाग तारेला अर्थिंगशी जोडणारा असतो, तो अशा जोडणीत तापून पेटू शकतो. सॉकेट पलंगापासून लांब असेल तर रिसेप्शनवरून जहाजाचीच एक्स्टेन्शन मागून घ्या.

२४ व्होल्ट, २ ॲम्पियरच्या चार्जरने तुमच्या बॅटऱ्या रिकाम्यापासून पूर्ण व्हायला सहा ते आठ तास लागतात. रात्री जेवून आलात की लावा, सकाळी काढा. दिवसभरात जहाजावर दोन-तीन किलोमीटरहून जास्त चालवणं होत नाही, त्यामुळे बॅटरी पुरेल का ही चिंता नको. बॅटरी जुनी असेल तर मात्र प्रश्न वेगळा. लेड-ॲसिड बॅटरी दीड-दोन वर्षांनी ढेपाळू लागते. काटा भरलेला दाखवतो आणि चढाला लागलं की एकदम दोन घरं खाली येतो. कमाटीबागेत सकाळी पूर्ण चार्ज करून दोन फेऱ्या मारा. काटा अर्ध्याखाली आला तर नोव्हेंबरातच दोन्ही बॅटऱ्या बदला. एक जुनी, एक नवी असं करू नका, जुनी नवीलाही खाली ओढते. चार्ज होताना स्कूटर जागची हलत नाही, तशीच सोय केलेली असते. सकाळी प्लग काढायचा राहून गेला आणि ‘गाडी बिघडली’ म्हणून धावपळ झाली, असं फार घडतं.

बडोद्याहून मुंबई. गाडी असेल तर गाडीनेच जा, हे सरळ सांगतो. राष्ट्रीय महामार्ग ४८ ने सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास, वाटेतले थांबे आणि वसईपुढची गर्दी धरून सात-आठ तास. आदल्या दिवशी निघा आणि फोर्टच्या आसपास मुक्काम करा. हॉटेल ठरवताना ‘लिफ्ट आहे का’ एवढंच विचारू नका, लिफ्टच्या दाराची रुंदी आणि रस्त्यापासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या आहेत ते विचारा. जहाज दुपारी-संध्याकाळी सुटत असलं तरी बोर्डिंगची वेळ बरीच आधी संपते, आणि जहाज कुणासाठी थांबत नाही. त्याच दिवशी पहाटे बडोदा सोडणं म्हणजे पालघरजवळच्या एका ट्रॅफिक जॅमवर सगळी सहल टांगून ठेवणं.

रेल्वेने जायचं तर वंदे भारत. बडोद्याहून मुंबई सेंट्रलला साडेचार तासांच्या आत-बाहेर. टोकाच्या डब्यात व्हीलचेअरसाठी जागा आणि मोठं प्रसाधनगृह असतं, तिकीट त्याच डब्याचं काढा. पण बडोद्याला गाडी जेमतेम काही मिनिटं थांबते. स्कूटरवर बसून चढायचा विचार करू नका. प्लॅटफॉर्मवर आधीच ती सुटी करून ठेवा. स्टेशनच्या व्हीलचेअरवरून तुम्ही आणि सूनबाई पुढे, मुलगा भाग घेऊन मागे. तिघांत हे जमेल, एकट्या मुलाला जमणार नाही. पार्सलने स्कूटर पाठवू नका. पार्सल डबा त्याच गाडीला असेल आणि ते त्याच दिवशी उतरेल याची खात्री नसते.

सुटी करण्याचा क्रम असा : आधी किल्ली बंद. मग टोपली, मग सीट खटका दाबून वर उचला. बॅटरीचा डबा हँडलने सरळ वर काढा, तो दहा किलोच्या आसपास भरतो. हँडलचा दांडा खाली दुमडून बांधा, नाहीतर उचलताना तो उघडून तोंडावर येतो. शेवटी मधला खटका सोडवून पुढचा आणि मागचा सांगाडा वेगळे करा. मोटर मागच्या भागात असते, तोच सर्वांत जड. गुडघ्यातून वाकून उचलायचा, कमरेतून नाही. जोडताना उलटा क्रम. सांगाड्याचा खटका बसल्याचा आवाज ऐकू आला पाहिजे. अर्धवट बसलेला खटका सपाट जमिनीवर कळत नाही आणि पहिल्याच उतारावर सुटतो. हे सगळं घरी दोन-तीनदा करून बघा आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो मुलाच्या मोबाइलमध्ये असू द्या. टॅक्सीत भाग ठेवताना बॅटरीचा डबा उभाच आणि सर्वांत खाली.

मुंबईत क्रूझ टर्मिनल बॅलार्ड पिअरला आहे. दारापाशी मोठं सामान देऊन टाका, पण चार्जर, किल्ल्या, औषधं आणि काठी हातातल्या पिशवीत ठेवा. सामान केबिनमध्ये पोचायला संध्याकाळ होऊ शकते. तपासणीच्या यंत्रातून स्कूटर जाणार नाही, ती हाताने तपासतात, त्यासाठी वेळ हाताशी ठेवा.

यानंतर येतो गँगवे, आणि इथे सर्वांत जास्त काळजी घ्यावी असं आम्हाला कळकळीने सांगायचं आहे. भरती-ओहोटीप्रमाणे जहाज वरखाली होतं, त्यामुळे गँगवेचा चढ सकाळी एक असतो आणि दुपारी दुसरा. लहान स्कूटर साधारण सहा ते आठ अंशांच्या चढासाठी बनवलेल्या असतात. इमारतींचा बारास एक उताराचा (बारा फूट लांबीला एक फूट चढ) रॅम्प पाच अंशांहूनही थोडा कमी असतो, म्हणजे तुमची नेहमीची सवय त्याच्या आसपासची आहे. गँगवे त्याहून उभा दिसला तर हट्ट करू नका. शिवाय गँगवे जिथे धक्क्यावर टेकतो तिथे एक पत्र्याची पट्टी असते. स्कूटरचं पोट जमिनीपासून जेमतेम पाच-सात सेंटिमीटर वर, आणि मागे कलंडू नये म्हणून लावलेली दोन छोटी चाकं त्याहूनही खाली. पट्टीवर चढताना ही छोटी चाकं आधी टेकतात, मागची मुख्य चाकं अधांतरी होतात आणि गाडी जागच्या जागी फिरफिर करते. घाबरून आणखी जोर दिला की ती एकदम उडी मारते.

अशा वेळी जहाजावरची माणसं मदतीला येतात आणि ढकलायला सोपं जावं म्हणून मागची फ्रीव्हीलची खिटी सोडायला सांगतात. खिटी सोडली की मोटर आणि ब्रेक दोन्ही सुटतात. तुम्ही आणि गाडी मिळून शंभर किलोच्या वर वजन उतारावर कुणाच्यातरी हातांवर राहतं. हे करू देऊ नका. योग्य रीत अशी : तुम्ही उतरून जहाजाच्या व्हीलचेअरवर बसा, त्यांची दोन माणसं तुम्हाला वर नेतील, आणि रिकामी स्कूटर मुलाने बाजूने चालत, हँडल धरून, वेगाची चकती कमी ठेवून किल्लीवरच वर न्यावी. चढ सौम्य असेल आणि तुम्हीच चालवणार असाल तर सरळ जा, तिरकं नाही. अंग पुढे झुकवा, चकती तिच्यावरच्या कासव (हळू) आणि ससा (जोरात) या चित्रांच्या मधोमध ठेवा आणि मध्येच थांबू नका. उतरताना चकती कासवावर, आणि मुलगा तुमच्या पुढे नाही, बाजूला.

केबिनमध्ये पोचल्यावर फ्रीव्हीलची खिटी पुन्हा आत आहे ना ते बघा. खिटी आत आणि किल्ली बंद असेल तर ब्रेक लागलेला राहतो आणि लाटांनी गाडी सरकत नाही. खिटी बाहेर राहिली तर किल्ली लावल्यावर गाडी नुसती पीं-पीं करते, चालत नाही. बिघाड समजून मेकॅनिक शोधण्याआधी ही खिटी, मग बॅटरीच्या डब्यावरचं छोटं रीसेट बटण, मग बॅटरीचा डबा पूर्ण बसला आहे का, या क्रमाने बघा. वेगाचा खटका दाबून धरलेला असताना किल्ली फिरवली तरीही गाडी चालत नाही. हात काढा, किल्ली बंद करून पुन्हा लावा.

लिफ्टमध्ये सरळ आत जा आणि रिव्हर्सने बाहेर या, आत वळायचा प्रयत्न नको. जेवणाच्या वेळी आणि कार्यक्रम सुटल्यावर लिफ्टपुढे झुंबड उडते. पंधरा मिनिटं आधी किंवा नंतर निघा. बुफेत ताट मांडीवर ठेवून गाडी चालवू नका, कर्मचारी टेबलापर्यंत आणून देतात, नि:संकोच सांगा. डेकवर जाणाऱ्या दारांना पाणी आत येऊ नये म्हणून उंबरा असतो. सगळ्या दारांना रॅम्प नसतो, पहिल्याच दिवशी कुठल्या दाराला आहे ते विचारून ठेवा. ओल्या लाकडी डेकवर किंवा वारा जोराचा असेल तेव्हा स्कूटर बाहेर काढू नका. डिसेंबर-जानेवारीत पश्चिम किनाऱ्याचा समुद्र बहुधा शांत असतो, ही तुमच्या बाजूची गोष्ट.

आणीबाणीची कवायत, जिला मस्टर ड्रिल म्हणतात, ती चुकवू नका. आणीबाणीत लिफ्ट बंद असतात आणि स्कूटर जीवरक्षक बोटीत जात नाही. तुम्हाला जिन्याने न्यायला खास खुर्ची आणि माणसं लागतात, आणि ती तुमच्या केबिनवर यावीत यासाठी तुमचं नाव मदत लागणाऱ्यांच्या यादीत असावं लागतं. चढल्याबरोबर रिसेप्शनला जाऊन नाव आणि केबिन क्रमांक यादीत आहे ना, हे डोळ्यांनी बघा. मुलाची केबिन वेगळ्या मजल्यावर असेल तर तीही शक्यतो जवळ मागा.

गोव्यात कंपनीच्या सहलीच्या बसला उंच पायऱ्या असतात, ती घेऊ नका. मागे जागा असलेली मोठी टॅक्सी दिवसासाठी ठरवा. मुरगावहून जुनं गोवं तासाभराच्या अंतरावर आहे. तिथे बॉम जीझस आणि से कॅथेड्रल रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर आहेत, आवार बरंचसं सपाट आहे आणि स्कूटर खरी उपयोगी पडते. किनाऱ्यावर मात्र वाळूत नेऊ नका. चाकं रुततात, आणि वाळू मोटरच्या बाजूला शिरली की खरखर सुरू होते आणि थांबत नाही. जहाज सुटायच्या दोन तास आधी बंदराच्या दारात असा. किंवा त्या दिवशी जहाजावरच राहा. सगळे उतरलेले असतात, लिफ्ट रिकाम्या, डेक मोकळा. तुम्हा दोघांना चाळीस वर्षांनंतर एक शांत दुपार मिळेल.

सिंगापूरबद्दल थोडक्यात. तिथे विमान आलं आणि विमानात सगळं बॅटरीवर येऊन ठेपतं. विमानकंपनीला किमान ४८ तास आधी कळवायचं असतं, स्कूटर सामानाच्या वजनात न धरता फुकट नेतात. तुमच्यासारखी सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी गाडीतच घट्ट बसवलेली, टोकं झाकलेली असेल तर कंपनीच्या संमतीने जाते. पुढे लिथियमची घडीची स्कूटर घ्यायची झाली तर एक गुणाकार करा : व्होल्ट गुणिले एएच. काढून हातात न्यायच्या बॅटरीची मर्यादा ३०० वॅट-अवर आहे. २४ व्होल्ट, १२ एएच म्हणजे २८८, जाते. २४ गुणिले २० म्हणजे ४८०, अडते. दुकानदार ‘जास्त पल्ला’ म्हणून मोठी बॅटरी गळ्यात मारतो, ती नको. बुकिंगच्या वेळी आपली श्रेणी नेमकी सांगा : तुम्हाला जिना चढता येत नाही पण सीटपर्यंत चार पावलं टाकता येतात, म्हणजे ‘डब्ल्यूसीएचएस’. नुसतं ‘व्हीलचेअर हवी’ म्हटलं की बहुतेकदा ‘डब्ल्यूसीएचआर’, म्हणजे जिना चढू शकणाऱ्यांची श्रेणी, टाकतात, आणि मग विमानाला शिडी लागली की तुम्ही खाली उभ्या.

सोबत न्यायच्या गोष्टी फार नाहीत. दुसरी किल्ली नवऱ्याच्या खिशात, चार्जरचा काचेचा फ्यूज त्याच मापाचा जादा, ॲलन की, पुस्तिकेतलं बिघाडाच्या बीपचं पान, हँडलवरच्या बटणांवर घालायला प्लॅस्टिकची पिशवी आणि दोन जुनी सुती फडकी. रोज रात्री चार्जिंगला लावण्याआधी गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने सांगाडा पुसा आणि कोरड्याने पुन्हा पुसा. खाऱ्या वाऱ्याने आधी स्क्रू आणि बॅटरीचे जोड गंजतात. बडोद्याला परत आल्यावर प्रवासाच्या थकव्यात स्कूटर पार्किंगमध्ये तशीच ठेवू नका, त्याच रात्री पूर्ण चार्ज करा. लेड-ॲसिड बॅटरी रिकामी पडून राहिली की आठवडाभरातच खराब व्हायला लागते.